त्राटिकेचे शेवटचे भाषण

गेल्या वर्षी पावसाळा ओसरताना आमच्या धर्मग्रामातील तरुण मुलेमुली एक वही घेऊन आमच्याकडे आली. नाताळच्या सुमारास होणाऱ्या स्नेहसंमेलनात त्यांना नाटक बसवायचे होते, आणि तेही शेक्सपिअरचे. 'द टेमिंग ऑफ द श्रू' ही सुखात्मिका त्यांनी थेट आपल्या नाशकात आणली होती. मूळ नाटकातील पाडुआ नगरीचा धनिक त्यांच्या वहीत पिंपळगावचा द्राक्षबागायतदार झाला होता. त्याची थोरली मुलगी फटकळ, धाकटी गोडबोली. थोरलीचे लग्न झाल्यावाचून धाकटीचे करायचे नाही, हा बापाचा हट्ट. वेषांतर करून घरात शिरणारे प्रेमिक खासगी शिकवणीचे मास्तर झाले होते. मरतुकड्या घोड्यावरून, चमत्कारिक कपड्यांत लग्नाला उशिरा येणारा नवरदेव येथे धूर ओकणाऱ्या जुन्या बुलेटवरून येत होता. नव्या नवरीला उपाशी ठेवण्यासाठी तो तिच्यापुढची मिसळ 'रस्सा करपला' म्हणून परत पाठवतो, हे वाचून आम्ही मनमुराद हसलो आणि संमती दिली.

दोन दिवसांनी नायिकेचे काम करणाऱ्या मुलीची आई भेटायला आली. "फादर, हसण्यासारखं पुष्कळ आहे," ती म्हणाली, "पण शेवटी माझी मुलगी काय बोलणार आहे, ते वाचलंत का तुम्ही?"

आम्ही वाचले नव्हते. त्या रात्री वाचले. नाटकाच्या अखेरीस ती फटकळ नायिका इतर बायकांना लांबलचक उपदेश करते. नवरा हाच स्त्रीचा स्वामी, राजा आणि पालक. त्याच्याविरुद्ध तोंड उघडणारी बायको म्हणजे राजद्रोही प्रजा, असे सांगून ती नवऱ्याच्या पायाखाली आपला हात ठेवण्याची तयारी दाखवते. मुलांनी पाडुआचे पिंपळगाव केले होते, घोड्याची बुलेट केली होती. या भाषणाला मात्र कोणी हात लावला नव्हता.

या निमित्ताने आम्ही जुन्या नाटकांचा थोडा धांडोळा घेतला. तेव्हा ध्यानी आले की, त्या मातेच्या प्रश्नाला मराठीत सव्वाशेहून अधिक वर्षे झाली आहेत.

शेक्सपिअरला मराठी पोशाख चढवण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे 'ऑथेल्लो' १८६७ साली प्रसिद्ध झाले. पुढे पुण्यातील शिकल्यासवरलेल्या नाट्यप्रेमींच्या आर्योद्धारक नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. या मंडळीशी निगडित असलेले गोविंद बल्लाळ देवल हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे; त्यांच्याकडे आपणांस पुन्हा यावयाचे आहे. १८७८ साली 'द कॉमेडी ऑफ एरर्स'चे 'भ्रांतिकृत चमत्कार' झाले. १८७९ साली विष्णु मोरेश्वर महाजनींनी 'सिंबेलिन'वरून 'तारा' लिहिले. पुढच्याच वर्षी बडोद्यात त्याचा प्रयोग पाहून हॅरोल्ड लिटलडेल या इंग्रज प्राध्यापकाने 'मॅकमिलन्स मॅगझिन'मध्ये त्यावर लेख लिहिला. ब्रिटनची राजकन्या इमोजेन तारा होऊन मराठीत बोलत होती, आणि इंग्रज प्रेक्षकाला ती ओळखू येत होती!

यात शेक्सपिअरचा उपमर्द झाला, असे कोणी मानू नये. 'द कॉमेडी ऑफ एरर्स' त्याने स्वतःच प्लॉटस या प्राचीन रोमन नाटककाराकडून घेतले होते. 'टेमिंग'मधील धाकट्या बहिणीची कथा आरिओस्तो या इटालियन कवीच्या नाटकातून इंग्रजीत आली आणि तेथून त्याच्या हाती पडली. हौशी नटांविषयीही त्याला जिव्हाळा होता. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये विणकर, सुतार, शिंपी आणि कल्हईवाला मिळून राजाच्या लग्नात नाटक करतात; आपल्या सिंहाला पाहून बायका घाबरतील, या काळजीने सिंहाच्या तोंडी खुलासा घालतात. दरबारी मंडळी हसतात. परंतु साधेपणाने आणि निष्ठेने जे पुढे केले जाते ते वाईट असूच शकत नाही, असे राजा अगोदरच सांगून ठेवतो. धर्मग्रामाच्या सभागृहात पडदा ओढणाऱ्या प्रत्येकाने हा दिलासा जवळ बाळगावा.

आपल्या ख्रिस्ती परंपरेलाही पोशाखबदल परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय धर्मगुरू १५४९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जन्मले आणि १५७९ साली गोव्यास आले. शेक्सपिअरहून ते साधारण पंधरा वर्षांनी वडील. त्यांनी तारणाचा इतिहास सांगण्यासाठी लॅटिन महाकाव्याचा साचा घेतला नाही. मराठी ओवी घेतली, पुराणाची रीत घेतली. त्यांचे 'क्रिस्तपुराण' राचोल येथे १६१६ साली छापले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेक्सपिअर निवर्तला. एक इंग्रज मराठीत येऊन मराठी झाला. दुसऱ्याला मराठीत यायला अडीचशे वर्षे लागली.

परंतु या दोन पोशाखबदलांत एक भेद आहे. फादर स्टीफन्स यांनी ओवी पारखून घेतली, कारण तीतून काय सांगायचे ते त्यांच्या मनात स्वच्छ होते. आपण नाटक आपल्या गावात आणतो, तेव्हा गाव बदलतो, नावे बदलतो, वाहन बदलतो; आणि नाटक जे सांगते ते तसेच ओट्यावरून आत येते. ते परदेशात घडत असताना परक्यांचे असते. पिंपळगावात घडू लागले की ते आपले होते, आणि त्याचा जाबही आपणांसच द्यावा लागतो.

'टेमिंग'च्या बाबतीत मराठीत हेच घडले. फर्ग्युसन महाविद्यालयातील प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी त्याचे 'त्राटिका' हे रूपांतर केले. १८९१ च्या सुमारास शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. गणपतराव जोशी यांचा प्रतापराव आणि बाळाभाऊ जोग यांची त्राटिका ही जोडी महाराष्ट्रभर गाजली. ही मंडळी धंदेवाईक होती, हौशी नव्हे. पण पुढे हे नाटक पाहून ज्यांनी ज्यांनी आपल्या गावी पडदा उभारला, त्यांच्यापुढे हाच कित्ता होता. नावाकडेही पाहावे. इंग्रजी नायिकेचे नाव कॅथरिन, आपल्या कितीतरी आजी-मावशांना बाप्तिस्म्यात मिळालेले एका संतस्त्रीचे नाव. मराठीत ती त्राटिका झाली. त्राटिका कोण, हे पंचवटीच्या गावात सांगायला नको: रामायणातील राक्षसी. पडदा वर जाण्यापूर्वीच निकाल लागलेला!

आता तो काळ डोळ्यांपुढे आणू. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्याचे नाकारले. १८८४ साली नवऱ्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, तो अपिलात फिरला, आणि १८८७ साली न्यायालयाने नांदायला जाण्याचा हुकूम केला. न गेल्यास तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ साली तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरतेत दीर्घकाळ रुग्णसेवा केली. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा झाले, एवढ्यावरून पुणे-मुंबईत रान पेटले. अशा दिवसांत थिएटरात एक पुरुष आपल्या बायकोला उपाशी ठेवून, झोपू न देऊन सरळ करत होता, आणि प्रेक्षागृह हसत होते. ते हसणे निव्वळ परदेशी कथेला नव्हते.

येथे आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. शेक्सपिअरच्या काळी इंग्लंडच्या धंदेवाईक रंगभूमीवर स्त्रिया नव्हत्या. कॅथरिनचे काम पोरगा करी. पुण्या-मुंबईत त्राटिकेचे काम बाळाभाऊ जोगांनी केले. आमच्या येशूसंघीय बंधूंनी १५९९ साली शाळांसाठी जी शिक्षणपद्धती ठरवली, तीत विद्यार्थ्यांच्या नाटकांना जागा होती, पण स्त्रीपात्राला मज्जाव होता. म्हणजे पत्नीच्या शरणागतीचे हे थोर भाषण लंडनमध्ये पुरुषाने लिहिले, मुलाने म्हटले. मराठीत पुरुषाने रूपांतरित केले, पुरुषाने म्हटले. स्त्रीचे मत त्यात कोणीच विचारले नाही. शेक्सपिअरने स्वतः मात्र एक खूण ठेवली आहे. हे सारे नाटक एका दारुड्या कल्हईवाल्याला फसवण्यासाठी केलेला खेळ आहे, आणि त्या खेळाच्या आरंभी त्याच्याजवळ बसवलेली 'बायको' हा वेषांतर केलेला पोऱ्या असतो.

शेक्सपिअरच्या हयातीतच जॉन फ्लेचर या नाटककाराला हा शेवट पचला नसावा. १६११ च्या सुमारास त्याने नाटकाचा उत्तरार्ध लिहिला. त्यात नायक विधुर होऊन दुसरे लग्न करतो आणि नवी बायको त्यालाच ताळ्यावर आणते. दोघांनी परस्परांवर सारखे प्रेम करावे, हा धडा त्याच्या समारोपात दिला आहे. १८९७ साली बर्नार्ड शॉ यांनीही मूळ नाटकाच्या शेवटच्या प्रवेशाचा कडक शब्दांत निषेध केला.

आता कोणी म्हणेल, फादर, संत पौलदेखील हेच सांगतो. लग्नाच्या मिस्सेत इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचे वाचन ऐकताना कित्येक नवरदेव ताठ बसतात, हे आम्ही वेदीवरून पाहिले आहे. परंतु पत्नीला उद्देशून असलेल्या त्या ओळीच्या अगोदर पौल सर्वांनाच बजावतो की, ख्रिस्ताच्या आदरास्तव एकमेकांच्या अधीन व्हा. आणि पतीपुढे तो नमुना ठेवतो तो कोणा राजाचा नव्हे, तर मंडळीसाठी स्वतःला अर्पण करणाऱ्या प्रभूचा. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १५ ऑगस्ट १९८८ च्या आपल्या प्रेषितीय पत्रात स्त्रीच्या प्रतिष्ठेविषयी लिहिताना हेच स्पष्ट केले: ही अधीनता एकतर्फी नाही, परस्परांची आहे. कॅथरिनच्या भाषणातील राजा आणि प्रजा पौलाच्या पत्रात नाहीत.

मराठी रंगभूमीनेही आपले उत्तर शोधले, आणि ते शोधणाऱ्यांत देवल अग्रणी होते. 'ऑथेल्लो'वरून त्यांनी १८९० साली 'झुंझारराव' लिहिले. मग मोलिएरची एक सुखात्मिका, इंग्रजीच्या वाटेने, 'फाल्गुनराव' म्हणून मराठीत आणली. तीच पुढे १९१६ साली 'संशयकल्लोळ' झाली. परक्या घरांत अशी उमेदवारी करून त्यांनी १८९९ साली स्वतंत्र 'शारदा' लिहिले. म्हाताऱ्या नवऱ्याला विकल्या जाणाऱ्या मुलीचे ते नाटक. प्रेक्षक तेथेही हसले, परंतु या वेळी मुलीला नव्हे, म्हाताऱ्याला. 'शारदा'चा एक प्रयोग आपल्या नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी झाला. त्या रात्री अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, म्हणून इतिहासाला ती रात्र ठाऊक आहे. रंगमंचावर कोणते नाटक होते, हे सहसा कोणी सांगत नाही. याच नाशकात बसून वि. वा. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'चा 'राजमुकुट' केला आणि तो १९५४ साली रंगभूमीवर आला. आमच्या मुलांच्या मागे अशी परंपरा उभी आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही सांगितले.

मग आम्ही सर्वांना एकत्र बसवले आणि त्या मातेचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. एक जण म्हणाला, भाषण गाळून टाकू. दुसरा म्हणाला, थोर नाटककाराचे शब्द गाळणारे आपण कोण? एका ज्येष्ठ गृहस्थांचे मत पडले की, चर्चच्या सभागृहात संतचरित्र करावे, हा उपद्व्यापच नको. बराच वेळ वाद झाला. शेवटी त्राटिकेचे काम करणारी मुलगी बोलली: "फादर, भाषण राहू द्या. अर्धं त्याला द्या."

तसेच झाले. प्रयोगाच्या रात्री शेवटच्या प्रवेशात ती एक वाक्य म्हणे, आणि तेच वाक्य नवरदेव तिला उद्देशून म्हणे: तू माझी पालक, तुझ्या श्रमांवर माझे घर उभे. पहिल्या दोन वाक्यांना सभागृह खदखदून हसले. तिसऱ्याला हसणे कमी झाले. तिने हात पुढे केला तेव्हा तोही खाली वाकला, आणि दोघांचे हात जमिनीवर शेजारी शेजारी टेकले. टाळ्या थोड्या उशिराने आल्या. मागच्या रांगेत आपल्या बायकोशेजारी बसलेला एक द्राक्षबागायतदार, ज्याच्या घरच्या कुरबुरी सोडवायला आम्ही दोनदा गेलो आहोत, टाळ्या न वाजवता खाली पाहत होता.

त्या मुलीची आई नंतर खुर्च्या आवरताना भेटली. प्रयोगाविषयी तिने काही सांगितले नाही. पुढच्या वर्षी कोणते नाटक करणार, एवढेच तिने विचारले. आणि या खेपेस वही आधी आपल्याला वाचायला द्यावी, असेही सुचवले. आम्ही होकार दिला आहे.