मूत्रमार्गाचा संकोच : वारंवार रुंदीकरण की एकदाच शस्त्रक्रिया?

लघवीची धार बारीक होणे, ती फाटणे, जोर करूनही मूत्राशय पूर्ण रिकामे न होणे ही लक्षणे उतारवयात दिसली, की प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याचा संशय घेतला जातो. हीच तक्रार पंचविशी-तिशीतील पुरुषाची असेल, तर मूत्रमार्गाच्या संकोचाचा विचार प्रथम करावा लागतो. मूत्रमार्गाच्या आतील अस्तराला इजा झाली, की त्या जागी व्रण धरतो. व्रण आकसत जातो आणि मार्ग अरुंद होतो. उपचार लांबल्यास वारंवार जंतुसंसर्ग, मूत्राशयातील खडे, मूत्रमार्गाभोवती गळू आणि अखेरीस मूत्रपिंडे निकामी होणे असे दुष्परिणाम संभवतात.

पूर्वी परमा हा गुप्तरोग या विकाराचे मोठे कारण होता. प्रतिजैविकांमुळे तो मागे पडला. भारतात आज आढळणारी कारणे वेगळी आहेत : रस्ते अपघातात किंवा उंचावरून पडल्याने कमरेच्या हाडाचा अस्थिभंग, रुग्णालयात निष्काळजीपणे घातलेली लघवीची नळी, दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियांची इजा आणि जननेंद्रियाच्या त्वचेवर पांढरे चट्टे पाडणारा ‘लायकेन स्क्लेरोसस’ हा रोग. या शेवटच्या रोगात संकोच कधीकधी मूत्रमार्गाच्या संपूर्ण लांबीभर पसरतो. यांतील काही संकोच उपचारांमधूनच निर्माण होतात, ही बाब नजरेआड करता येत नाही.

अरुंद मार्ग सळईने रुंद करण्याची कल्पना भारताला नवी नाही. शिश्नाचा अग्रभाग बंद होणाऱ्या ‘निरुद्धप्रकश’ या विकारावर लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी तुपात भिजवून घालावी व दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी वापरावी, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. आधुनिक काळात धातूच्या सळया आल्या आणि १९७० च्या दशकापासून दुर्बिणीतून पाहत व्रण छेदण्याची पद्धत रूढ झाली. ती सोपी आहे. रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो. मात्र व्रण तेथेच राहतो.

या पद्धतींची मर्यादा दाखवून देणारे महत्त्वाचे संशोधन दक्षिण आफ्रिकेत झाले, म्हणजे साधनांची चणचण असलेल्या देशातच. २१० पुरुषांवरील या अभ्यासाचे निष्कर्ष १९९७ व १९९८ साली प्रसिद्ध झाले. सळईने रुंदीकरण आणि दुर्बिणीतून छेद यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान संकोच वर्षभरात सुमारे ४० टक्के रुग्णांत परतला, तर चार सेंटिमीटरपेक्षा मोठा संकोच सुमारे ८० टक्के रुग्णांत. पहिला उपचार उपयोगी ठरू शकतो, दुसऱ्याचा लाभ अल्पकाळ टिकतो, तिसऱ्यापासून कायमचा गुण जवळजवळ येत नाही, असे त्यातून स्पष्ट झाले. तरीही वर्षानुवर्षे दर काही महिन्यांनी रुंदीकरणासाठी येणारे रुग्ण आपल्याकडे दिसतात. शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेतलेला तज्ज्ञ जवळपास नसतो, शहरात राहण्याचा खर्च परवडत नाही आणि या दुखण्याविषयी घरातही बोलले जात नाही. दरम्यान प्रत्येक छेदागणिक व्रण वाढतो व पुढील शस्त्रक्रिया अवघड होते.

कायमचा उपाय म्हणजे मूत्रमार्गाची पुनर्रचना, अर्थात यूरेथ्रोप्लास्टी. अस्थिभंगात मूत्रमार्ग तुटला असेल, तर आधी ओटीपोटातून मूत्राशयात नळी घालतात. साधारण तीन महिन्यांनी मधला व्रण काढून दोन्ही टोके जोडली जातात. अनुभवी केंद्रांत दहापैकी सुमारे नऊ रुग्णांना यात गुण येतो. पहिला प्रयत्न फसल्यास हे प्रमाण घटते, म्हणून तो कोठे व कोणाकडून होतो याला महत्त्व आहे.

लांब संकोचात गालाच्या आतील अस्तराचा तुकडा काढून मूत्रमार्गाला जोडतात. हे अस्तर सतत ओले राहण्यास सरावलेले असते व नव्या जागी लवकर रुजते. या क्षेत्रात पुण्याचे मूत्रविकारतज्ज्ञ डॉ. संजय कुलकर्णी यांचे कार्य जगभर परिचित असून त्यांनी विकसित केलेली पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तीत मूत्रमार्ग एकाच बाजूने सुटा केला जातो, त्यामुळे दुसऱ्या बाजूच्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू शाबूत राहतात. जांघांमधील एकाच छेदातून काम होत असल्याने शिश्नाच्या त्वचेवर व्रण उरत नाही. संपूर्ण मूत्रमार्ग आकसलेल्या ११७ पुरुषांचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. संकोचाची सरासरी लांबी १४ सेंटिमीटर होती आणि सुमारे पाच वर्षांच्या पाठपुराव्यात ८३.७ टक्के शस्त्रक्रिया यशस्वी ठरल्या. प्रथमच पुनर्रचना झालेल्यांत हे प्रमाण ८६.५ टक्के, तर आधीची पुनर्रचना फसलेल्यांत ६१.५ टक्के होते.

येथे एक अडचण खास आपल्या उपखंडाची आहे. तंबाखू, गुटखा व सुपारी चघळणाऱ्यांच्या गालाचे अस्तर जाड, पांढरट व ताठर होते. काहींना तोंडही पुरते उघडता येत नाही. असे अस्तर रोपणास योग्य राहत नाही. अशा वेळी जिभेखालील अस्तर किंवा अन्य भागाची त्वचा शोधावी लागते.

खर्चाच्या बाबतीत परिस्थिती काहीशी बदलली आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते व उपचारांच्या यादीत यूरेथ्रोप्लास्टीचा समावेश आहे. प्रवासभाडे व बुडालेली मजुरी मात्र रुग्णालाच सोसावी लागते. शस्त्रक्रियेनंतर नळी साधारण तीन ते चार आठवडे ठेवतात. पुढे ठरावीक अंतराने धारेचा वेग मोजावा लागतो : तरुण पुरुषात तो सेकंदाला १५ मिलिलिटरहून अधिक असणे अपेक्षित असते, १० च्या खाली आल्यास पुन्हा तपासणी केली जाते. धार सुधारली, की दूरच्या गावचे रुग्ण या तपासण्यांना येत नाहीत, आणि परतलेला संकोच पुन्हा लघवी अडल्यावरच लक्षात येतो.