मोजणे आणि मापणे : मोडीच्या ओळीपासून आज्ञावलीच्या ओळीपर्यंत

ओळ कोठे मोडावी आणि एकाखाली एक येणारे मजकूर कसे जुळवावेत, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. संगणकशास्त्राच्या वर्गात तो 'फॉरमॅटर' या साधनाच्या निमित्ताने येतो. हे साधन आज्ञावलीचा मजकूर आपोआप नीट मांडते. मात्र ओळीची कमाल लांबी किती, लांब ओळ कोठे तोडावी, समान चिन्हे एका स्तंभात आणावीत की नाही, हे आपण ठरवून द्यावे लागते. इतिहासाच्या वर्गात हाच प्रश्न मोडी कागद उलगडताना येतो. या दोन वर्गांमध्ये वाटते तेवढे अंतर नाही, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

पनवेल परिसरातील जुन्या जमीनविषयक व कौटुंबिक कागदपत्रांसाठी आजही मोडीवाचक शोधावा लागतो. मोडी लिहिणारा प्रथम कागदाच्या रुंदीभर शिरोरेषा ओढी आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. म्हणजे ओळीची लांबी मजकुराच्या आधी ठरे. शब्दाशब्दांत अंतर सोडण्याची पद्धत नसल्याने रेषा संपली की ओळ संपे, मग शब्द पुरा झालेला असो वा नसो. वाचकाची त्यात परीक्षा होते; परंतु लेखनिकाला हात थांबवावा लागत नसे, आणि दफ्तराच्या कामात तेच महत्त्वाचे होते.

छपाईने हे चित्र पालटले. विल्यम केरी यांचा मराठी कोश १८१० मध्ये मोडी खिळ्यांनी छापला गेला; तथापि पुढील मराठी मुद्रण देवनागरीत स्थिरावले. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६४ मध्ये खिळ्यांचा ओतकारखाना व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभारला. जुळाऱ्यापुढे आता दोन कामे होती. ओळ शब्दाच्या शेवटी मोडायची आणि मधल्या जागा कमीजास्त करून दोन्ही कडा सरळ आणायच्या. याहून अवघड काम पंचांगाचे. तिथी, वार, नक्षत्र, घटी-पळे यांचे अरुंद रकाने एकाखाली एक आणावे लागत, आणि मात्रा, उकार, रफार यांनी अक्षराची उंची-रुंदी सतत बदले. जुळारी अक्षरे मोजीत नसे. तो मापीत असे. खिळ्याची प्रत्यक्ष जाडी हेच त्याचे प्रमाण होते. माझ्या मते या भेदाकडे आपल्या मुद्रणेतिहासात पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

संगणकाने मोजण्याची रीत स्वीकारली. आयबीएमच्या १९२८ च्या छिद्रपत्रावर ८० स्तंभ होते आणि प्रत्येक स्तंभात एकच चिन्ह बसे. पुढे पडदे ८० स्तंभांचे झाले, आणि पत्रे इतिहासजमा झाल्यावरही तो आकडा टिकला. पायथॉनच्या २००१ च्या लेखनसंकेतात ७९ चिन्हांची मर्यादा आहे; 'प्रिटियर' (२०१७) मूळ मांडणीत ८० धरतो, तर 'ब्लॅक' (२०१८) ८८. या सर्वांमागे एक गृहीत आहे : एक चिन्ह म्हणजे एक घर.

हे गृहीत मराठीत कसे ढासळते ते चार गावांच्या नावांवरून पाहू. युनिकोडमध्ये 'पनवेल' ५ चिन्हांचे, कारण एकाराची मात्रा स्वतंत्र मोजली जाते. डोळ्याला अक्षरे दिसतात ४. 'कर्जत'ही ५ चिन्हांचे, परंतु अक्षरे ३. 'उरण' आणि 'पेण' दोन्ही ३ चिन्हांची. अक्षरे मात्र अनुक्रमे ३ व २. आता या नावांपुढे विद्यार्थिसंख्या लिहून ती यादी गो भाषेच्या 'गोफम्ट'कडे सोपवावी. २००९ साली त्या भाषेबरोबर आलेले हे साधन ओळी मोडत नाही, पण स्तंभ जुळवते. आणि त्यासाठी ते प्रत्येक युनिकोड चिन्हाची रुंदी समान मानते. हे गृहीत त्याच्या दस्तऐवजात मोकळेपणाने नोंदलेले आहे. परिणामी 'उरण' व 'पेण'पुढे सारख्याच दोन जागा सुटतात, 'पनवेल' व 'कर्जत'पुढे जादा एकही नाही, आणि संख्यांचा स्तंभ वाकडातिकडा होतो. वरची मात्रा व हलन्त यांना शून्य रुंदी देण्याचा पर्याय काही साधनांत असतो. त्याने 'पनवेल' बरोबर ४ भरते. पण 'कर्जत'ही ४ भरते, कारण रफार झालेला र त्यांच्या लेखी अजून एक घर अडवून बसलेला असतो!

यावर व्यवहारात एवढेच करता येते. मराठी मजकूर असलेल्या ठिकाणी स्तंभजुळवणी बंद ठेवावी. तशीही एक लांब नाव वाढले की शेजारच्या सर्व ओळी हलतात आणि बदलांच्या इतिहासात न बदललेल्या ओळी बदललेल्या दिसतात. मराठी याद्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवणे अधिक चांगले.

मोडी कागदाचे लिप्यंतर संगणकावर साठविताना मात्र अधिक दक्षता हवी. लिप्यंतरकार शब्द स्वतःच्या समजुतीने तोडतो. ती समजूत तपासायची तर मूळ कागदावरील ओळ कोठे संपली हे ठाऊक असावे लागते, आणि संदर्भही ओळीच्या क्रमांकानेच दिला जातो. 'प्रिटियर'मध्ये गद्याच्या ओळींसाठी 'प्रोजरॅप' नावाची निवड आहे : नेहमी मोडा, कधीच मोडू नका, किंवा आहे तसे ठेवा. मूळ मांडणी तिसरी आहे. सगळीकडे एकसारखेपणा हवा या हौसेने एखाद्याने तेथे 'नेहमी' लिहिले, तर लेखनिकाची रेषा ज्या अक्षरावर संपली होती ते अक्षर ८० व्या घराच्या हिशेबात ओळीच्या मध्यभागी जाऊन पडते.