मातृदुग्धपेढी

बाळंतिणींनी स्वेच्छेने दिलेले दूध तपासून, निर्जंतुक करून गरजू नवजात बालकांसाठी साठवणारी रुग्णालयातील सोय. बोलण्यात ‘मिल्क बँक’. आशियातील पहिली पेढी १९८९ मध्ये मुंबईत, शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. धारावीसारख्या वस्तीतल्या असंख्य बाळंतिणी याच रुग्णालयाच्या आधाराने असतात.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे आतडे फार कोवळे असते. वरचे दूध दिल्यास आतड्याला सूज येऊन त्याचा काही भाग सडण्याचा धोका वाढतो. काचपेटी आणि सलाइन असूनही अशी बाळे हातची जातात. आईचे दूध हे त्यावरचे सर्वांत मोठे संरक्षण. पण आई स्वतः आजारी असेल किंवा तिला पान्हाच फुटला नसेल, तर पेढीतले दूध उपयोगी पडते.

दात्या माता बहुधा त्याच रुग्णालयातल्या असतात. स्वतःच्या बाळाला पुरून उरलेलेच दूध घेतात, मोबदला नसतो. बाळ दगावलेली एखादी आईही दाटलेले दूध दुसऱ्याच्या लेकरासाठी देऊन जाते. एचआयव्ही, ‘ब’ कावीळ व सिफिलिससाठी दूध देणाऱ्या प्रत्येक मातेचे रक्त तपासतात. जमा झालेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून झटकन थंड करतात, जंतूंची चाचणी करतात आणि उणे २० अंशांवर गोठवतात.

किलोभर वजनाच्या बाळाला सुरुवातीला एका वेळी एक-दोन मिलिलिटर दूध नळीने देतात. पुढे वाटी-चमचा किंवा बोंडले. या हिशेबाने अर्धी वाटी दुधात एका जिवाचे पहिले दोन दिवस निभावतात.

तापवताना दुधातले काही संरक्षक घटक कमी होतात. म्हणून पहिला मान आईच्या ताज्या दुधाचा, विशेषतः चिकाचा. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हाच क्रम आहे. नुसते शीतकपाट आणून पेढी उभी राहत नाही. घाबरलेल्या पहिलटकरणीजवळ बसून तिला दूध काढायला शिकवणारी परिचारिका ही पेढीची खरी गरज, आणि खरेदीच्या यादीत नेमकी तीच राहून जाते.

दूध पुरून उरत असलेल्या मातेने आपल्या रुग्णालयात पेढीची चौकशी जरूर करावी. न तपासलेले दूध मात्र परस्पर कोणाच्या बाळाला देऊ नये.