रुग्णालयांच्या मृत्युमानाची तुलना : हृदयविकाराच्या झटक्याचा दाखला

एखाद्या रुग्णालयात शंभर रुग्णांमागे किती दगावले, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ अंकगणिताचा वाटतो. मृतांची संख्या ही भाज्य व रुग्णांची संख्या हा भाजक, एवढाच त्याचा पसारा. परंतु गेल्या दीडशेहून अधिक वर्षांचा ह्या विषयाचा इतिहास पाहता असे आढळते की, वाद बहुधा भाज्यावरून झालेला नाही. रुग्ण म्हणून कोणास मोजावयाचे आणि कोणत्या अवस्थेतील रुग्णाची कोणत्या अवस्थेतील रुग्णाशी तुलना करावयाची, ह्यावरून तो झाला. प्रस्तुत लेखात ह्या वादाचा मागोवा मुख्यतः हृदयविकाराच्या तीव्र झटक्याच्या संदर्भात घ्यावयाचा आहे. मात्र त्याचे मूळ त्या रोगाचे निदान होऊ लागण्यापूर्वीचे असल्यामुळे आरंभ थोडा मागून करणे भाग आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांच्या रुग्णालयविषयक टिपणांची तिसरी आवृत्ती 1863 मध्ये निघाली. तीत विल्यम फार ह्या संख्याशास्त्रज्ञाने सिद्ध केलेले, इंग्लंडमधील 106 प्रमुख रुग्णालयांच्या मृत्युमानाचे एक कोष्टक होते. लंडनच्या 24 रुग्णालयांचे मृत्युमान त्यात शेकडा 90.84 असे दाखविले होते. दहांतील नऊ रुग्ण मरतात असाच अर्थ वाचकांनी घेतला, व वैद्यकवर्गात साहजिकच खळबळ उडाली. वास्तविक हा आकडा निराळ्या रीतीने काढलेला होता. 1861 सालच्या जनगणनेच्या दिवशी, म्हणजे 8 एप्रिल रोजी, त्या रुग्णालयांत 4,214 रुग्ण होते. वर्षभरात तेथे मृत्यू झाले 3,828. फारने दुसऱ्या संख्येस पहिलीने भागले. एकेका खाटेवर वर्षातून अनेक रुग्ण येऊन जातात. तेव्हा दाखल झालेल्या एकूण रुग्णांनी भागले असते, तर हे प्रमाण तितक्या पटीने उतरले असते. शहराचे वार्षिक मृत्युमान जसे काढतात तसेच रुग्णालयाचे काढावे, ही फारची दृष्टी होती व ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. ब्रिस्टो व होम्स ह्या वैद्यद्वयाचा आक्षेप मात्र अधिक मूलगामी होता. लंडनच्या रुग्णालयांत येणारे रुग्ण व खेड्यातील लहान रुग्णालयांत येणारे रुग्ण हे मुळात सारखे नव्हेत, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप खरा होता. पण तो खरा आहे एवढ्यावरच वैद्यकवर्गाने समाधान मानले, आणि मग रुग्णांतील हा फरक मोजावयाचा कसा, ह्या पुढच्या प्रश्नाकडे दीर्घकाळ पाठ फिरविली, असे माझे मत आहे.

बॉस्टन येथील शल्यवैद्य अर्नेस्ट कॉडमन ह्याने तो प्रश्न निराळ्या अंगाने उचलला. प्रत्येक रुग्णाचा निदान वर्षभर पाठपुरावा करून अंतिम परिणाम काय झाला ते नोंदवावे, आणि परिणाम वाईट असेल तर त्याचे कारण लिहून ठेवावे, एवढीच त्याची मागणी होती. बढती ज्येष्ठतेवर न देता परिणामांवर द्यावी, ह्या आग्रहापायी त्याने 1914 मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील पद सोडले. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातील 1911 ते 1916 ह्या काळातील 337 रुग्णांचा हिशेब त्याने छापून प्रसिद्ध केला व त्यांत 123 चुका झाल्याचे नमूद केले. गृहस्थ भांडखोर होता. 1915 मधील एका वैद्यकसभेत शहरातील प्रतिष्ठितांची टर उडविणारे व्यंगचित्र दाखवून त्याने अनेकांचा रोष ओढवून घेतला. परंतु आपल्या चुका मोजून प्रसिद्ध करणारा वैद्य कोणत्याही काळी विरळाच.

आता हृदयविकाराकडे वळू. हृदयाच्या रोहिणीत गुठळी अडकली म्हणजे रुग्ण तत्काळ मरतोच असे नाही, हे जेम्स हेरिक ह्याने 1912 मध्ये दाखविले. पुढील अर्धशतक उपचार म्हणजे प्रायः अंथरुणावरील विश्रांती, आणि रुग्णालयात पोहोचलेल्या दर दहांतील सुमारे तिघे दगावत. 1960 नंतरच्या दशकात हृद्‌रुग्णांचे स्वतंत्र दक्षता कक्ष निघाले. हृदयाच्या ठोक्यांतील घातक बिघाड यंत्रावर दिसताच विजेचा धक्का देणे तेथे शक्य झाले व मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. ह्याच कक्षांतून तुलनेचे पहिले उपयुक्त साधनही मिळाले. टॉमस किलिप व जॉन किंबॉल ह्यांनी 1967 मध्ये न्यूयॉर्क येथील आपल्या 250 रुग्णांची चार वर्गांत विभागणी केली. हृदयाच्या दुर्बलतेची लक्षणे नसलेल्या पहिल्या वर्गात मृत्यूचे प्रमाण शेकडा 6 होते. फुप्फुसांच्या तळाशी सूक्ष्म घरघर ऐकू येणाऱ्या दुसऱ्या वर्गात ते 17, फुप्फुसांत पाणी भरलेल्या तिसऱ्यात 38, आणि रक्तदाब कोसळून शॉकमध्ये गेलेल्या चौथ्यात 81.

रोग एक, कक्ष एक, वैद्य तेच. आणि मृत्युमान 6 पासून 81 पर्यंत. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका रुग्णालयात शंभर रुग्णांपैकी चार वर्गांत अनुक्रमे 80, 15, 3 व 2 आहेत; दुसऱ्यात 40, 30, 15 व 15. उपचार अगदी समान असले तरी पहिल्यात सुमारे 10 व दुसऱ्यात सुमारे 25 मृत्यू अपेक्षित आहेत. आता दुसऱ्यात प्रत्यक्षात 20 च मृत्यू झाले, तर त्याचे मृत्युमान पहिल्याच्या दुप्पट दिसेल, आणि तरीही तेच रुग्णालय सरस ठरेल. ब्रिस्टो व होम्स ह्यांचा आक्षेप येथे प्रथमच मापाचे रूप धारण करतो.

ह्या मापाकडे दुर्लक्ष केले की काय होते, ते 1986 मध्ये दिसून आले. त्या वर्षी अमेरिकेच्या मध्यवर्ती शासनाने वृद्धांच्या आरोग्यविम्याच्या बिलांवरून रुग्णालयांच्या मृत्युमानाची यादी प्रसिद्ध केली. त्यातील सर्वांत वाईट ठरलेल्या संस्थेचे मृत्युमान शेकडा 87.6 होते. ती संस्था मरणासन्न रुग्णांची अखेरची शुश्रूषा करणारी होती! बिलावर रोगाचे नाव असते. रुग्ण कोणत्या स्थितीत दाराशी आला, हे त्यावरून सहसा कळत नाही. ही प्रकाशने 1993 मध्ये बंद करण्यात आली.

कॅलिफोर्निया राज्याने हृदयविकाराच्या झटक्यापुरता स्वतंत्र अहवाल काढला. त्यात एक अडचण प्रामाणिकपणे मांडलेली दिसते. रुग्ण शॉकमध्ये आला असेल तर तो दोष रुग्णालयाचा नव्हे. पण दाखल झाल्यावर हयगयीमुळे शॉकमध्ये गेला असेल, तर त्या स्थितीबद्दल रुग्णालयास सूट देणे म्हणजे अपराधाबद्दल बक्षीस देण्यासारखे आहे. नोंदींवरून हा भेद करता येत नसल्यामुळे तेथील संशोधकांनी दोन गणिते केली : एकात केवळ दाखल होतेवेळी असणारच अशा बाबी धरल्या, दुसऱ्यात संशयित बाबीही धरल्या. दोन्ही निष्कर्ष शेजारी शेजारी छापले. मला हा मार्ग फार विवेकाचा वाटतो.

दरम्यान उपचारांचे शास्त्र पुढे गेले होते. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 17,187 रुग्णांवरील एका आंतरराष्ट्रीय परीक्षणात ॲस्पिरिनने रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे पाच आठवड्यांतील मृत्यू शेकडा 23 ने, गुठळी विरघळविणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजने 25 ने, आणि दोहोंनी मिळून 42 ने घटले. तेव्हा मृत्यू कशाला मोजावयाचे, योग्य रुग्णास ॲस्पिरिन दिले की नाही तेच मोजावे, असा विचार पुढे आला. ह्यात रुग्णाच्या अवस्थेचा वाद उरत नाही, म्हणून रुग्णालयांनाही तो रुचला. परंतु 2006 मधील एका अभ्यासात, अशा उपचारमापांवरून रुग्णालयांच्या तीस दिवसांतील मृत्युमानातील फरकाचा केवळ शेकडा 6 इतकाच भाग उलगडतो असे आढळले. मोजण्यास सोयीचे ते मोजले गेले. फरक मात्र अन्यत्र दडलेला होता.

परिणामी 2007 पासून अमेरिकेत हृदयविकाराच्या झटक्याचे रुग्णालयवार मृत्युमान पुन्हा प्रसिद्ध होऊ लागले. गणना दाखल झाल्यापासून तीस दिवसांची ठेवली, म्हणजे रुग्णास लवकर घरी पाठवून आकडा सुधारता येऊ नये. रुग्णाचे पूर्वीचे आजार आधीच्या वर्षभराच्या विमानोंदींवरून धरले, आणि हे सूत्र प्रत्यक्ष रुग्णपत्रिकांवरून काढलेल्या निष्कर्षांशी ताडून पाहिले. फळ काय मिळाले? चार हजारांहून अधिक रुग्णालयांपैकी 17 राष्ट्रीय प्रमाणापेक्षा निश्चितपणे सरस व 7 निश्चितपणे निकृष्ट ठरली. बाकी सारी समान. ज्या रुग्णालयात वर्षास दहा-वीसच रुग्ण येतात, तेथील एकदोन मृत्यू योगायोगाचे असू शकतात. म्हणून हे सूत्र लहान रुग्णालयाचा आकडा राष्ट्रीय सरासरीकडे ओढते. 2010 मध्ये सिल्बर, रोझेनबाउम व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्यावर टीका केली. कमी रुग्ण पाहणाऱ्या रुग्णालयांत मृत्यू अधिक होतात हे ठाऊक असताना त्यांना सरासरीकडे ओढणे म्हणजे तो दोष झाकणे होय, असा तिचा आशय. संख्याशास्त्रीय सावधगिरी व रुग्णास द्यावयाची सूचना ह्यांतील हा विरोध अद्याप मिटलेला नाही.

वेळेच्या मापाची कथाही अशीच आहे. रुग्ण दारात आल्यापासून बंद रोहिणीत फुगा फुगवीपर्यंतचा काळ नव्वद मिनिटांच्या आत आणावा, असा प्रयत्न अमेरिकेत झाला. 2005-06 मध्ये 83 मिनिटे असलेला हा मध्यक 2008-09 मध्ये 67 वर आला. पण रुग्णालयातील मृत्यू शेकडा 4.8 वरून 4.7 वर, म्हणजे जवळपास तेथेच राहिले. 2013 मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध होताच सारी धावपळ व्यर्थ गेली असे काहींनी म्हटले. 2015 मध्ये नल्लमोतू व सहकाऱ्यांनी दाखविले की, एकेका रुग्णापुरते पाहता कमी वेळ म्हणजे कमी मृत्यू हे नाते कायम आहे. मधल्या काळात ह्या उपचारासाठी घेतल्या जाणाऱ्या रुग्णांचा समूहच बदलला व त्यात अधिक जोखमीचे रुग्ण आले. म्हणजे पुन्हा भाजकच बदलला होता.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी अलीकडे सरकतो. भारतातील 89 केंद्रांत 2001 ते 2005 ह्या काळात नोंदविलेल्या 20,937 रुग्णांचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. रोहिणी पूर्ण बंद झाल्याचे विद्युत्-आलेखावर दिसणाऱ्या रुग्णांत, लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचण्यास लागलेला मध्यक वेळ 360 मिनिटे होता. पोहोचल्यावर गुठळी विरघळविणारे औषध सुरू होण्यास लागलेला 50 मिनिटे. तीस दिवसांतील मृत्युमान गरीब रुग्णांत शेकडा 8.2 व श्रीमंतांत 5.5 होते, आणि उपचारांतील तफावत हिशेबात घेतल्यावर हा फरक बव्हंशी नाहीसा झाला. ह्या साऱ्या संख्या रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचलेल्यांच्या आहेत. त्या सहा तासांत जे घरी किंवा वाटेत दगावले, ते कोणत्याच रुग्णालयाच्या भाजकात नाहीत, व भाज्यातही नाहीत.