क्र. ११० (हैदराबाद) स्क्वाड्रन
क्र. ११० (हैदराबाद) स्क्वाड्रन हे ब्रिटिश हवाईदलाचे बॉम्बफेकी पथक होते. १ नोव्हेंबर १९१७ रोजी इंग्लंडमधील रेंडकोंब येथे त्याची स्थापना झाली. त्याच्या पहिल्या डीएच.९ए विमानांचा खर्च हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी उचलला. म्हणून संस्थानाचे नाव पथकास मिळाले. मुकुंदवाडीसह औरंगाबाद परिसर तेव्हा याच संस्थानात होता.

सप्टेंबर १९१८ मध्ये पथक फ्रान्समध्ये दाखल झाले. जर्मनीत दूरवर दिवसाढवळ्या हल्ले करणे ही त्याची विशेष कामगिरी होती. २१ ऑक्टोबरच्या एकाच मोहिमेत त्याने सात विमाने गमावली.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, पथक भारतात आले व पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. पथकाचे नाव मात्र १९७१ मधील अखेरच्या विसर्जनापर्यंत टिकले.