परवचा आणि वडीलधाऱ्यांची स्मृती

दिवेलागणीला घरातील मुलांनी हातपाय धुऊन देवापुढे बसावे आणि पाढे, वार, तिथी, नक्षत्रे व स्तोत्रे ठरलेल्या क्रमाने मोठ्याने म्हणावीत, या महाराष्ट्रातील जुन्या प्रथेला परवचा म्हणतात. मुलांच्या पाठांतराचे साधन म्हणून ती सर्वांना परिचित आहे. परंतु परवचा म्हणवून घेण्याचे काम बहुधा घरातील आजोबांकडे किंवा आजीकडे असे, आणि मुलांचे शिक्षण चालू असतानाच या वृद्धांच्या स्मृतीलाही रोजचा व्यायाम मिळे, हे तिचे अंग अधिक लक्ष देण्याजोगे आहे.

या प्रथेची मुळे पंतोजींच्या शाळेत सापडतात. पंतोजी म्हणजे गावातील मुलांना अक्षरओळख व हिशेब शिकवणारे खाजगी शिक्षक. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे 1819 ते 1827 या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असताना अशा शाळांची माहिती जिल्ह्याजिल्ह्यांतून मागवण्यात आली, आणि पुढे रा. वि. परुळेकर यांनी त्या काळातील कागदपत्रे संकलित करून प्रसिद्ध केल्यामुळे या शाळांचे चित्र आज अभ्यासकांपुढे आहे. कागद महाग होता आणि छापील पुस्तके जवळजवळ नव्हती, त्यामुळे मूल धूळपाटीवर, म्हणजे धूळ पसरलेल्या लाकडी फळीवर, अक्षरे गिरवी व पुसून टाकी. जे टिकवायचे ते मुखोद्गत करण्यावाचून गत्यंतर नव्हते. एका मुलाने पुढे सांगायचे व बाकीच्यांनी एका सुरात मागे म्हणायचे, या पद्धतीने चालणाऱ्या घोकणीला उजळणी म्हणत.

उजळणीत तीसपर्यंतचे पाढे असत, पण तिचे खरे बळ अपूर्णांकांच्या पाढ्यांत होते. पावकी म्हणजे पावाचा, निमकी म्हणजे अर्ध्याचा आणि पाऊणकी म्हणजे पाऊणाचा पाढा. सवायकी, दिडकी व अडीचकी ही त्यापुढची पायरी, आणि औटकी हा साडेतीनचा पाढा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि मणाचे चाळीस शेर अशा मोजमापांच्या जगात या पाढ्यांवाचून व्यवहार अडत असे. सात आणे शेर दराने साडेतीन शेर जिन्नस घेतला, तर औटकी पाठ असलेल्या माणसाला सातावरचे उत्तर साडेचोवीस हे तत्काळ आठवे, त्यातून सोळा वजा करून एक रुपया साडेआठ आणे ही रक्कम तो लेखणी न उचलता सांगे, आणि दुकानदाराचा हिशेब चुकला असल्यास तिथल्या तिथे दाखवून देई. लहानपणी घोकलेले असे आयुष्यभर रोज वापरात राहत असल्याने साठी उलटलेल्या माणसालाही ते नव्याने आठवावे लागत नसे.

परवचा ऐकणाऱ्याचे काम वरवर दिसते त्याहून कठीण होते. मूल एकोणतिसाच्या पाढ्यात अडखळले, तर पुढचा आकडा सांगणाऱ्याच्या ओठांवर तयार हवा. नक्षत्रांच्या सत्तावीस नावांतले एखादे गळले, तर ते कानाने टिपता आले पाहिजे. ऐकणारा अशा रीतीने मुलाच्या एक पाऊल पुढे मनातल्या मनात म्हणत असे. मुलींना पंतोजींच्या शाळेची वाट सहसा बंद होती, तरी घरात रोज कानावर पडणाऱ्या परवच्यातून तिथी, स्तोत्रे आणि रामदासांचे मनाचे श्लोक अनेक स्त्रियांना पाठ झाले आणि आजीपणी त्या स्वतः नातवंडांच्या चुका दुरुस्त करू लागल्या.

प्रभवापासून क्षयापर्यंतच्या साठ संवत्सरांच्या नावांचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. वर्षांना दिलेल्या या नावांचे चक्र साठ वर्षांनी फिरून येते, म्हणून साठी पूर्ण करणाऱ्याच्या वाट्याला आपल्या जन्माचे संवत्सर पुन्हा येते आणि षष्ट्यब्दीपूर्तीचा विधी त्याच्याशी जोडला गेला आहे. ज्याला ही नावे क्रमाने येत, त्याच्याजवळ आपल्या आयुष्यातील दुष्काळ, लग्नकार्ये व जन्ममृत्यू लावून ठेवण्यासाठी एक तयार चौकट असे.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्मृतीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि शिकलेले प्रारंभी वेगाने विसरले जाते, तर अंतराअंतराने केलेली उजळणी ते टिकवते, हे मोजून दाखवले. पुन्हा वाचण्यापेक्षा स्मृतीतून आठवून काढणे अधिक उपयोगी ठरते, हेही पुढील संशोधनाने स्पष्ट केले. परवच्यात या दोन्ही गोष्टी होत्या. म्हणून परवचा म्हणवणाऱ्यास वार्धक्यातील स्मृतिभ्रंश होत नसे, असा दावा करणे अर्थातच अयोग्य ठरेल. परंतु आठवणीला रोज काम आणि त्या कामाला घरात मान, या दोन गोष्टी ज्या वृद्धाला लाभल्या त्याचे मन गंजू नये यासाठी याहून साधी व्यवस्था क्वचितच आढळेल.

1 एप्रिल 1957 रोजी भारतात दशमान नाणेपद्धती आली आणि 1958 पासून दशमान वजनमापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. शंभर पैशांच्या रुपयाला आणि हजार ग्रॅमच्या किलोला औटकीची गरज उरली नाही. परवच्यातील हिशेबाचा भाग असा आधी गळाला. स्तोत्रे व श्लोक अनेक घरांत त्यानंतरही चालू राहिले. पण स्तोत्र पाठ नसल्यास ते पुस्तकात पाहून म्हणता येते आणि मुलाने पुस्तक हाती धरले की त्याची चूक पकडण्यास आजोबांची गरज राहत नाही. पाढ्यांची तपासणी शाळेकडे गेली, एकत्र कुटुंबे विभागली, आणि ज्या पिढीने औटकी शेवटची पाठ केली होती तिला ती म्हणून दाखवायला घरात श्रोता राहिला नाही.