व्हॅली ऑफ फायर : सूर्यास्ताची पदभ्रमंती

लास व्हेगासच्या ईशान्येस सुमारे ५० मैलांवर असलेले व्हॅली ऑफ फायर हे नेवाडातील सर्वांत जुने स्टेट पार्क. येथला तांबडा खडक म्हणजे ज्युरासिक काळातील वाळूच्या टेकड्यांचा झालेला दगड; लाली त्यातल्या लोहाच्या ऑक्साइडची. मावळतीच्या तिरप्या उन्हात हे खडक पेटल्यासारखे दिसतात.

लास व्हेगासहून गाइडसह सहली निघतात. मुले बरोबर असल्यास आम्ही फायर वेव्हची वाट सुचवतो; जाऊन-येऊन सुमारे दीड मैल. अ‍ॅटलॅटल रॉकवरील प्राचीन खोदचित्रे जिना चढून, भरपूर उजेड असतानाच पाहावीत.

मात्र 'ऊन उतरले' या भरवशावर राहू नये. तापलेला खडक संध्याकाळीही धग सोडतो. जुलै २०२३ मध्ये कडक उन्हाळ्यात पदभ्रमंतीला गेलेल्या दोन महिला येथे मृतावस्थेत सापडल्या. उष्म्यामुळे उन्हाळ्यात बऱ्याच पायवाटा बंद ठेवतात. म्हणून नोव्हेंबर ते मार्च हाच काळ निवडावा. तेव्हाही भरपूर पाणी, टोपी आणि टॉर्च जवळ हवेच.

मुक्कामाचे आरक्षण नसलेल्यांना सूर्यास्तापर्यंत पार्क सोडावे लागते. तेव्हा शेवटची किरणे कोठून पाहायची आणि परत कधी फिरायचे, हे गाइडला निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.